सतरा वेळा थांबलेलं गाणं

"लगीन कुनाचं हाय?" होर्पिनाआजीने विचारलं.

"कुणाचंच नाही," यारिना म्हणाली. "आम्हाला फक्त गाणं टेप करायचंय, आजी. लग्नाची भाकर मळताना म्हणतात ते. पाच मिनिटांचं काम आहे."

"लगीन न्हाई, भाकर न्हाई, आन् गानं म्हनू? उद्या म्हनशील, मेलं कुनी न्हाई, पर जरा रडून दाखीव."

आजी पोलिस्यातली, म्हणजे कीव्हच्या उत्तरेच्या दलदलीच्या मुलखातली. तिची बोली मला निम्मी कळायची, आणि जी कळायची ती थेट आमच्या कोरेगावच्या बोलीत कानावर पडायची. तशीच इथे लिहितो. तिला विचारायला मी आता जाऊ शकत नाही, तेव्हा तिची हरकत नाही असं धरून चालतो.

साल १९७८. मी दिनकर फडतरे, जिल्हा सातारा, शिष्यवृत्तीवर कीव्हच्या पॉलिटेक्निकमध्ये रेडिओ इंजिनिअरिंग शिकत होतो. यारिना तिथल्या संगीत महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला, वाद्यवृंदासाठी रचना करायला शिकणारी. त्यांच्या वर्गाचा टेपरेकॉर्डर मी एकदा दुरुस्त करून दिला होता, तेवढीच ओळख. यंत्र अकरा किलोचं आणि त्यांचा तंत्रज्ञ कंबर धरून घरी बसलेला. म्हणून ओझं वाहायला आणि बटण दाबायला मी. या गावात येण्याचं दुसरं काही कारण नव्हतं, असं मी त्या काळात न विचारताही सगळ्यांना सांगत असे.

यारिनाची अडचण खरी होती. तेव्हा कीव्हमधले निम्मे रचनाकार तीनशे वर्षांपूर्वीच्या जर्मन-इटालियन घाटाकडे परत निघाले होते: रेखीव, मोजूनमापून, प्रत्येक सूर इस्त्री केलेला. उरलेले निम्मे टेपरेकॉर्डर घेऊन खेड्यापाड्यांत आज्यांच्या मागे हिंडत होते. यारिना पहिल्या पंगतीतली. तिचे प्राध्यापक मिरोन तादेयोविच यांचं म्हणणं, दोन्ही एकाच भांड्यात शिजलं पाहिजे. फेब्रुवारीत त्यांनी तिची पदवीसाठीची रचना ऐकली आणि चष्मा पुसत म्हणाले, "बांधकाम उत्तम आहे. भिंती सरळ, दारं जागच्या जागी. राहायला मात्र कोणी आलेलं दिसत नाही." जूनमध्ये परीक्षा. पाचपैकी पाच गुण मिळाले तर कीव्हमध्ये पुढचं शिक्षण, नाहीतर सरकार पाठवेल त्या गावी तीन वर्षं शाळेत पोरांना सा रे ग म. तिच्या वर्गातल्या मुली ज्या गावांची नावं घ्यायच्या त्यातली काही मला नकाशातही सापडली नव्हती.

आता गाणं नाही म्हटल्यावर यारिनाचा चेहरा उतरला. मला मात्र आजीचं म्हणणं लगेच पटलं. आमची आत्या जात्यावर बसली की ओव्यांचा पूर लोटायची. पण एकदा शाळेचे मास्तर वही घेऊन आले आणि "सांगा आत्या" म्हणाले, तर तिला एक ओळ आठवेना. मास्तरांनी शेवटी स्वतः दोन पायली ज्वारी दळली, तेव्हा वही भरली.

"लग्न कधी आहे गावात?" मी आजीला विचारलं.

तिने माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. चेहऱ्याकडे कमी, डोक्याकडे जास्त. "रविवारी. पिलिपच्या पोरीचं. भाकर उद्या."

"मग उद्या येतो."

"या. पर येकदाच म्हननार. लग्नाचं गानं दुसऱ्यांदा म्हटलं तर पोरीला दुसऱ्यांदा लगीन करावं लागतंय. तुमचं यंत्र तयार असू द्या."

त्या भाकरीला तिकडे कोरोवाय म्हणतात. आपल्याकडे घाणा भरायला जशा सवाष्णीच लागतात, तसं तिथे पीठ मळायला पहिला नवरा हयात असलेल्या बायकाच लागतात, त्याही सात. होर्पिनाआजी सातांची म्होरकी. तिचा म्हातारा युखिम ब्याऐंशी वर्षांचा होता आणि केवळ बायकोची म्होरकी सुटू नये म्हणून तिने त्याला जिवंत ठेवलंय, असं गाव म्हणायचं. युखिमही तसंच म्हणायचा.

शुक्रवारी पिलिपच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. निम्मी खोली मातीच्या भट्टीनेच व्यापलेली. मी कपडे वाळत घालायच्या दोरीला मायक्रोफोन टांगला, यारिनाच्या कानांना हेडफोन लावले आणि तिला बटणं समजावून सांगितली. बायकांनी हात धुतले, बाह्या सारल्या आणि पिठात बुक्की मारली. मग त्या गायला लागल्या.

मला गाण्यातलं फारसं कळत नाही. पण ते गाणं ऐकून मला त्या परक्या मुलखात एकदम घरचं पीठ, घरचा धूर आठवला, हे सांगायला लाज कसली? सात जणी एका सुरात नव्हत्या, पण एकमेकींपासून दूरही जात नव्हत्या. दोघी एकाच वाटेने, एक चढावरून आणि एक उतारावरून चाललेल्या असाव्यात तसं काहीतरी. यारिना डोळे मिटून बसली होती.

दुपारी भाकर भट्टीत घालण्याजोगी तयार झाली. परातीएवढी, वर कणकेचे पक्षी. आणि नेमकं तेव्हा घोडं पेंड खायला लागलं. भट्टी झाडून भाकर आत सारण्याचं काम तिथे कुरळ्या केसांच्या पुरुषाचं. रीतच तशी. गावात कुरळा एकच, ट्रॅक्टर चालवणारा पनास. तो टोपी घालून आला. घरात टोपी काढ म्हणाले, तर काढेना. शेवटी नवरीच्या आईने ती उचलली. हिवाळ्यात पनासला टक्कल पडलं होतं आणि ही गोष्ट त्याने वसंत ऋतूपर्यंत लपवून ठेवली होती.

"कडेनं हायेत की थोडं," पनास कसंबसं म्हणाला.

"कडंचे चालत न्हाईत," आजी म्हणाली. तिने हात पुसले आणि माझ्याकडे बोट केलं. "त्यो. कालच बगून ठेवलाय मी."

माझे केस तेव्हा घनदाट आणि कुरळे होते. फोटो आहेत. मी म्हणालो, मला येत नाही. आजी म्हणाली, "झाडू धरता येतो का?" झाडू धरता येत नाही असं सात बायकांसमोर म्हणणं कठीण असतं. मी भट्टी झाडली. बायका नवीन गाणं गायला लागल्या, कुरळ्याला उद्देशून: नीट झाड, नीट सार, पोरीचा संसार तुझ्या हातात. लांब दांड्याच्या लाकडी फावड्यावर भाकर चढवली गेली, दांडा माझ्या हातात आला, आणि मी ती आत सारणार तोच माझा हात कलला.

भाकर फावड्यावरून घसरली. मी उघड्या हाताने धरली. तळवा भट्टीच्या काठाला लागून चर्रकन भाजला. सात जणींचा आवाज एकदम थांबला, कुणाच्या तरी तोंडून वरून खाली घरंगळणारा "ओय" निघाला, मग भाकर सावरलेली बघून गाणं जिथे तुटलं होतं तिथून, जरा घाईघाईने, पुढे सुरू झालं. एका पक्ष्याची मान वाकडी झाली होती, ती आजीने अंगठ्याने सरळ केली. भाकर आत गेली. तडा गेला नाही. मला सगळ्यांनी विचारलं काय झालं, मी म्हणालो, डोळ्यांत धूर गेला.

कीव्हच्या बसमध्ये यारिना हेडफोन लावूनच बसली होती. मध्येच तिने माझं मनगट धरलं, नेमकं भाजलेल्या हाताचं.

"दिनकर, ऐक. इथे. सात मात्रा नीट चालतात, मग अचानक सगळं थांबतं, मग सूर घसरत खाली येतो, आणि पुढची ओळ पाचच मात्रांत संपते. ऐकलंस? हे कुठल्याच पुस्तकात नाही."

"यारिना, तो थांबा..."

"थांब, परत लावते."

तिने तो तुकडा नऊ वेळा ऐकला. दहाव्या वेळेआधी मला सांगायचं होतं, पण तोवर कीव्ह आलं.

दुसरा प्रयत्न मी आठवडाभराने कॅन्टीनमध्ये केला. कोबीची बशी पुढे घेऊन, शब्द जुळवून. तेवढ्यात ती धावत आली. हातात कागद, त्यावर ती जागा लाल पेन्सिलीने रेखलेली. "मिरोन तादेयोविचांना दाखवलं," ती म्हणाली. "ते 'हं' म्हणाले."

"म्हणजे?"

"चार वर्षांत पहिल्यांदा म्हणाले."

त्या 'हं'नंतर मला तोंड उघडवेना. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हटलं. ज्या पोरीला रात्रंदिवस परक्या गावच्या शाळेची स्वप्नं पडतात, तिला जाऊन सांगायचं, की बाई गं, तुला सापडलेला खजिना म्हणजे माझा धांदरटपणा आहे? सांगायला हवं होतं, कबूल. पण ती इतकी आनंदात होती, आणि तो आनंद कॅन्टीनमध्ये समोर बसून बघायला मिळत होता. मी कोबी खाल्ला.

मे महिन्यात तिने जुन्या रचनेचा शेवटचा भाग फाडून टाकला आणि पासाकाल्या लिहायला घेतली. हा जुना घाट आहे. खालच्या सुरांत एकच चाल जात्यासारखी फिरत राहते आणि वरची वाद्यं दर फेऱ्याला नवं काही घालत जातात. चाल तीच, भाकर आत सारतानाची. थांब्यासकट. एकंदर सतरा फेरे. पहिल्या तालमीला मी गेलो. आधी खर्जातली दोन वाद्यं अडखळली, मग चार, मग व्हायोलिनं, आणि सतराव्या फेऱ्याला अख्खा वाद्यवृंद एकदम थबकला, घसरला आणि सावरला. माझी एक चूक चाळीस जण इतक्या मनापासून वाजवताहेत, हे बघून मला दरदरून घाम फुटला. शेजारी बसलेल्या मुलीने विचारलं, "इतकं आवडलं?" मी मान डोलावली.

परीक्षेच्या दिवशी सभागृह भरलं होतं. पुढे हिरवं कापड अंथरलेल्या टेबलाशी पाच परीक्षक. मी मागच्या रांगेत, दाराजवळ. तेवढ्यात दार उघडलं आणि डोक्याला फुलाफुलांचे रुमाल बांधलेल्या सात बायका आत आल्या. प्राध्यापकांनीच बोलावलं होतं म्हणे. गावाचा ट्रक सुटे भाग न्यायला कीव्हला यायचा होता, त्यात बसून आल्या. होर्पिनाआजी पहिल्या रांगेत जाऊन बसली आणि मागे वळून हॉलभर माझा शोध घेऊ लागली. मी बुटाची नाडी बांधायला वाकलो, तो वाजणं सुरू होईपर्यंत वर आलो नाही.

रचना छान झाली. खरंच छान झाली. त्या भिंतींच्या आत आता कोणीतरी राहत होतं, एवढं माझ्यासारख्यालाही कळलं. सतराव्या फेऱ्याला शेजारच्या बाईंनी डोळे टिपले. टाळ्या थांबल्यावर परीक्षक मंडळाचे अध्यक्ष उठले. गृहस्थ वजनदार, दोन्ही अर्थांनी. विषम मात्रांवर त्यांचा जाडजूड प्रबंध होता.

"या थांब्याबद्दल बोललंच पाहिजे," ते म्हणाले. "हा साधा विराम नव्हे. ही फार प्राचीन खूण आहे. चुलीच्या देवतेला हाक मारण्यापूर्वी माणूस श्वास रोखतो, ती ही जागा. हजार वर्षं तरी जुनी असावी. सुदैवाने मूळ गायिका इथे हजर आहेत. आजीबाई, हा थांबा तुमच्याकडे केव्हापासून आहे?"

आजी उभी राहिली. "ईस्टरनंतरच्या शुक्कारपासनं."

"नाही, मी विचारतोय, कुठल्या काळापासून?"

"त्येच सांगत्येय. ह्या सालच्या. त्येच्या आधी न्हवता. आमचं गानं सरळ हाय."

हॉलमध्ये कोणीतरी खोकलं. यारिना वाद्यवृंदाजवळ उभी होती, तिच्या हातातले कागद तिने छातीशी धरले. "आजी, पण तुम्ही थांबलात. माझ्याकडे टेप आहे."

"थांबलो की. भाकर पडत हुती, थांबू नको तर काय?" आजी आता पुरती वळली आणि या वेळी मला लपायला नाडी पुरली नाही. "त्यो बगा, मागं, दाराजवळ. त्या कुरळ्यानं पाडली असती. फावडं हातात, आन् बगतोय कुठं? भट्टीकडं न्हाई, भाकरीकडं न्हाई. ही पोर कानाला ते लावून बसली हुती, ती त्याच वक्ताला हसली. आन् ह्यो बगतच ऱ्हायला. आमाला सातीजणींना दिसलं. म्हनून तर गानं तुटलं, हसू आवरंना."

मघाशी मी धुराचं लिहिलं. धूर नव्हता. भट्टी चांगली तापलेली आणि स्वच्छ झाडलेली होती, मीच झाडली होती. चाळीस वर्षं मी सगळ्यांना धुराचंच सांगत आलोय, तेव्हा सवयीने लिहून गेलो.

दोनशे माणसं माझ्याकडे वळून बघत होती. यारिना बघत नव्हती. ती हातातल्या कागदावरच्या लाल रेघेकडे बघत होती. मला एवढंच दिसत होतं, की या पोरीचं कीव्ह मी घालवलं, आणि वर तिचं हसं केलं. पळून जावं तर दारापाशीच बसलो होतो, पण सातही रुमाल माझ्याकडे वळलेले होते.

अध्यक्षांनी घाम पुसला. माणूस वाईट नव्हता. "हरकत नाही," ते म्हणाले. "मार्ग सोपा आहे. तेवढा थांबा काढून टाका, चाल मूळच्या शुद्ध रूपात येऊ द्या. बाकी काम पाच गुणांचं आहे, मी आत्ता लिहून देतो."

प्राध्यापक छताकडे बघत होते. यारिनाने त्यांच्याकडे पाहिलं, मग आजीकडे.

"आजी, त्या लग्नानंतर गावात आणखी लग्नं झाली?"

"दोन झाली."

"त्यांत कसं म्हटलंत?"

आजीने बाकीच्या सहा जणींकडे पाहिलं. त्यांतल्या दोघींनी रुमालाचं टोक तोंडाला लावलं. "काय करावं," आजी म्हणाली. "त्या जागेवर आलो, की आपसूक थांबतो आता. हसू येतंय. पोरीबी तसंच शिकल्या. आता सरळ म्हनायला ग्येलं तर चुकल्यावानी वाटतंय."

"मग मी नाही काढणार," यारिना म्हणाली. "गावात असंच म्हणतात. मी ऐकलं तसं लिहिलंय."

"पण ती चूक आहे," अध्यक्ष म्हणाले.

"होती," प्राध्यापक छताला उद्देशून म्हणाले.

मंडळ अर्धा तास आत बसलं. बाहेर येऊन अध्यक्षांनी चार गुण वाचून दाखवले. परंपरा अस्सल आहे यात शंका नाही, ते म्हणाले, पण दोन महिन्यांच्या परंपरेला पूर्ण गुण देण्याची नियमांत तरतूद नाही.

म्हणजे कीव्ह गेलं. तीन तासांवरच्या एका साखर कारखान्याच्या गावी, तीन वर्षं, शाळेत.

मी जिन्यात उभा राहून शब्द शोधत होतो. यारिना खाली आली आणि माझ्यासमोर थांबली. मला वाटलं, थोबाडीत देईल. मी म्हणालो, "मी बसमध्ये सांगणार होतो. कॅन्टीनमध्येही. माझ्यामुळे..."

"कोबी खात होतास," ती म्हणाली. "मला तेव्हाच कळायला हवं होतं. तुला कोबी आवडत नाही."

फाटकाशी ट्रक उभा होता. सुटे भाग मागे, बायका त्यांच्यावर. आजीला वर चढवायला मी हात दिला. तिने तो उलटा करून तळव्यावरचा भाजल्याचा डाग तपासला, बोटाने दाबून पाहिला आणि समाधानाने सोडला. मग आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघून तिने सुस्कारा टाकला.

"पनासला मेंढीच्या केसांची टोपी घालून दोन लग्नं रेटली," ती म्हणाली. "म्हटलं, हेमंतातल्या लग्नांना हा कुरळा हाय आपला. तुझ्यावर भिस्त हुती. आता दुसरा हुडकायला पायजे."

"का?" यारिनाने विचारलं. "तो येईल की. मी आणेन त्याला."

"आनशील गं. पर सोताच्या लग्नाची भट्टी नवऱ्यानं झाडायची नसती."

ट्रक सुरू झाला. सात रुमाल वळणापर्यंत दिसत राहिले. यारिनाने माझ्याकडे पाहिलं आणि हसली, पिलिपच्या घरात हसली होती अगदी तशीच. या वेळी माझ्या हातात काहीच नव्हतं, म्हणून काही पडलं नाही.